वाऱ्याशी पैज लावणारा कारवान

मुलांनो, "आई, आपण कुत्रा पाळू या ना!" अशी भुणभुण तुमच्यापैकी किती जणांनी घरी लावली आहे? हात वर करा बघू! मी वर्गात हा प्रश्न विचारतो तेव्हा हात तर सगळेच वर होतात, शिवाय दोघं-तिघं बाकावर उभी राहतात. मग मी विचारतो, "कुठला कुत्रा हवा?" उत्तरं पाठ असल्यासारखी येतात. लॅब्रेडॉर! जर्मन शेफर्ड! पॉमेरेनियन! आणि हल्ली हस्की! आता हा हस्की बर्फात घसरगाडी ओढणारा प्राणी. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्या बिचाऱ्याचं काय होत असेल, तुम्हीच सांगा. पण आपल्याच मातीतला एक उमदा कुत्रा आहे, त्याचं नाव मात्र शंभरात एखाद्यालाच ठाऊक असतं. तो म्हणजे कारवान.

लातूर-सोलापूरकडच्या मुलांनी हा पाहिलेला असेल. तिकडे त्याला 'कारवानी' म्हणतात. उंच, सडपातळ, तोंड लांब आणि निमुळतं, छाती खोल, पोट आत ओढलेलं. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास म्हणतो, "अरेरे, याला कुणी खायला घालत नाही का?" पण तो उपाशी नसतो बरं का! त्याची अंगकाठीच तशी. पळण्याच्या शर्यतीतले खेळाडू आठवा. त्यांच्या पोटावर चरबी दिसते का कधी? कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या थोड्या दिसल्या, तर तो तब्येतीने ठीक आहे असं समजायचं. नराची खांद्यापर्यंतची उंची साधारण ७० सेंटिमीटर भरते. म्हणजे तुमच्या जेवणाच्या टेबलावरची पोळी उचलायला त्याला उडी मारावी लागत नाही, नुसती मान लांब केली की झालं!

'कारवान' म्हणजे तांडा. मध्य आशियातून आणि अरबस्तानाकडून व्यापाऱ्यांचे तांडे दख्खनच्या पठारावर येत. त्यांच्या सोबत आलेल्या लांब पायांच्या कुत्र्यांपासून ही जात तयार झाली, असं सांगितलं जातं. याच कुत्र्याचं दुसरं नाव 'मुधोळ हाउंड'. मुधोळ हे गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. तिथे पूर्वी घोरपडे या मराठा घराण्याचं छोटं संस्थान होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजे मालोजीराव घोरपडे यांनी पाहिलं, की आसपासचे शिकारी लोक जे कुत्रे पाळतात ते काही साधेसुधे नाहीत. त्यांनी चांगले नर-मादी निवडून त्यांची नीट पैदास सुरू केली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला एक जोडी भेट दिली. तेव्हापासून मुधोळचं नाव या कुत्र्याला चिकटलं. कारवान आणि मुधोळ एकच की वेगळे, यावर पाळणाऱ्या मंडळींत अजूनही कडाक्याचे वाद होतात. आपण त्या वादात नको पडायला. कान आणि शेपटीवर रेशमी झालर असलेल्यांना 'पश्मी' म्हणतात, एवढं मात्र लक्षात ठेवा. दिसायला फार देखणे असतात ते.

२००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत हा होता. तिकिटं जमवणाऱ्यांनी आपली वही उघडून पाहावी. २०१६ मध्ये सैन्याने मुधोळची काही पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींबद्दल सांगताना मुधोळचं नाव घेतलं, आणि त्यानंतर पुष्कळ जणांना एकदम हा कुत्रा हवासा वाटू लागला. कौतुक झालं ते चांगलंच. पण नुसत्या कौतुकाच्या भरात आणलेल्या कुत्र्याचे कसे हाल होतात, ते पुढे सांगणार आहे.

आधी 'हाउंड' म्हणजे काय ते समजून घेऊ. हाउंड म्हणजे शिकारी कुत्रा. यांत दोन घराणी. एक नाकवाल्यांचं: जमिनीला नाक लावून वासावरून माग काढणारे, जसा बीगल. दुसरं डोळेवाल्यांचं: लांबवर काही हललेलं दिसलं, की बाण सुटावा तसे सुटणारे. आपला कारवान या दुसऱ्या घराण्यातला. तमिळनाडूचा राजापालयम, उत्तर प्रदेशातला रामपूर हाउंड हे त्याचे भाऊबंद.

या डोळ्यांची एक गंमत सांगतो. समोर पाहत दोन्ही हात बाजूला पसरा आणि बोटं हलवा. मान न वळवता तुम्हाला साधारण अर्धं वर्तुळ, म्हणजे १८० अंशांपर्यंतचं दिसतं. कुत्र्याला सुमारे २४० अंशांचं दिसतं, आणि तोंड लांबट व डोळे बाजूला असलेल्या कारवानसारख्याला त्याहूनही थोडं जास्त. म्हणून तुम्ही मागून चोरपावलांनी जाऊन त्याला "भो" करायला गेलात, तर तो आधीच तुमच्याकडे पाहत असतो!

आणि त्याचं पळणं! कधी संधी मिळाली, तर त्याच्या पळण्याची ध्वनिचित्रफीत अगदी सावकाश फिरवून पाहा. भरधाव पळणारा घोडा प्रत्येक झेपेत एकदाच पूर्ण हवेत असतो, पाय पोटाखाली गोळा झाल्यावर. कारवान दोनदा असतो! एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, आणि पुन्हा पुढचे पाय पुढे नि मागचे मागे ताणलेले असताना. त्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. त्या क्षणी तो पळतोय असं वाटतच नाही, जमिनीवरून वाहतोय असं वाटतं.

आता खरी गोष्ट इथे आहे. हे डोळे, हे पाय, ही छाती पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामासाठी घडत आली: ससा दिसला की धर. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. ससे-हरणांवर कुत्री सोडणं हा गुन्हा आहे. काम गेलं, पण कुत्रा तोच राहिला. त्याच्या अंगातला वारा काही कायदा वाचून थांबला नाही. मग असा कुत्रा तुमच्या घरी आला, तर तो वारा कुठे जाणार?

माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने तालुक्याच्या गावी फ्लॅटमध्ये कारवानचं पिल्लू आणलं. घरातल्या मुलाचा हट्ट होता, आणि फोटोत पिल्लू गोड दिसत होतं. पाच-सहा महिन्यांत त्याचे पाय मुलाच्या कमरेला लागले. आई-बाबा नोकरीला, मुलगा शाळेत. दिवसभर एकटं राहून त्याने सोफा फाडला, चपला फाडल्या, दाराची कड कुरतडली. मग त्याला खाली गाड्यांच्या जागेत साखळीने बांधलं. तिथून मांजर गेली, की ते साखळीसकट झेप घेई आणि मानेला हिसका बसून आपटे. मानेवरचे केस गेले, कातडी सोलली. शेजारी तक्रार करू लागले. शेवटी ओळखीच्या एका शेतकऱ्याने ते नेलं. मुलगा दोन दिवस जेवला नाही. यात कुत्रा वाईट नव्हता, मुलगाही वाईट नव्हता. आणण्याआधी कुणी विचारलंच नव्हतं, की याला रोज पळायचं असतं, ते कुठे पळणार?

महिनाभराने मुलगा शेतावर भेटायला गेला, तर कुत्रा त्याच्याकडे आलाच नाही. लांब उभा राहून बघत राहिला. दुसऱ्या वेळीही तसंच. मुलगा रडवेला झाला. तिसऱ्या वेळी तो बांधावर गप्प बसून राहिला असताना कुत्रा मागून आला आणि त्याच्या पाठीला आपलं अंग टेकवून उभा राहिला.

हे 'टेकणं' म्हणजे कारवानचा स्वभाव. लॅब्रेडॉरसारखं उड्या मारून तोंड चाटणं याला जमत नाही. घरच्या माणसांवर जीव टाकेल, पण सगळं शांतपणे. आणि परक्याने अंगाला हात लावलेला त्याला बिलकूल खपत नाही. आमच्या शाळेच्या वाटेवर एका वस्तीवर राणी नावाची कारवान कुत्री आहे. मी रोज मोटारसायकलवरून जातो. सुरुवातीला थांबून "राणी, राणी" म्हणून हाक मारायचो. ती भुंकायचीही नाही, बघायचीही नाही, महाराणीसारखी मान वळवायची. वस्तीवरची आजी एकदा हसून म्हणाली, "गुरुजी, तिला बोलवू नका. तिच्या मनात आलं की येती ती." जवळजवळ तीन महिन्यांनी तिच्या मनात आलं. आली, हाताचा वास घेतला, आणि निघून गेली! पण त्याच राणीच्या अंगावर आजीचा रांगता नातू खुशाल लोळत असतो.

म्हणून अशा कुत्र्याला भेटताना काय करायचं? समोरून धावत जायचं नाही. डोळ्याला डोळा लावून टक लावायची नाही, कुत्र्याच्या भाषेत ते आव्हान असतं. थोडं बाजूला तोंड करून उभं राहायचं, हात खाली मोकळा सोडायचा, आणि वास घ्यायला त्याला येऊ द्यायचं. आला नाही, तर नाही. डोक्यावरून वरून हात आणू नका, मानेखाली किंवा छातीला खाजवा. तो जेवत असताना आणि झोपलेला असताना तर हात लावायचाच नाही. झोपेत दचकला, तर अगदी मायाळू कुत्राही उलटून दात लावू शकतो. आधी नावाने हाक मारा, डोळे उघडू द्या.

आणि रागावून मारणं तर यावर मुळीच चालत नाही. काही कुत्री रागावलेलं पाच मिनिटांत विसरतात, कारवान मनाला लावून घेतो. एकदा हात उगारलात, तर कोपरा धरून बसेल आणि पुढे हाक मारली तरी येणार नाही. त्याला शिकवायचं ते थोडं-थोडं, हसत-खेळत, खाऊ देऊन. हो, आणि एका हाकेत ऐकेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो आधी विचार करतो, की ऐकावं का!

पळण्याचं म्हणाल, तर सकाळी आणि संध्याकाळी मिळून तास-दीड तास त्याला फिरवणं आलंच. शिवाय दोन-तीन दिवसांतून एकदा तरी मोकळं, जीव तोडून पळायला हवं. ते मात्र कुंपण असलेल्या जागेतच, आणि कुंपण चांगलं पुरुषभर उंच हवं. रस्त्यावर त्याला कधीही मोकळं सोडायचं नाही. समोर मांजर किंवा खार पळाली, की याचे कान बंद होतात. तुम्ही कितीही ओरडा, तो ट्रकसुद्धा बघत नाही. घरात कोंबड्या असतील, तर आधी दहादा विचार करा.

ससा नसला, तरी सशाचा खेळ करता येतो. एका लांब काठीला दोरी बांधा, दोरीच्या टोकाला जुनं फडकं. मध्ये उभे राहून ते फडकं जमिनीवरून गोल फिरवा. बघा कसा पळतो! दहा मिनिटांत तोही दमतो आणि तुम्हीही. अधूनमधून फडकं त्याला पकडू द्या. कधीच सापडलं नाही, तर त्याचा विरस होतो.

पट्ट्याची एक खुबी आहे, ती दुकानदारही सांगत नाहीत. बहुतेक कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा मोठं असतं, म्हणून पट्टा निसटत नाही. कारवानचं डोकं इतकं निमुळतं, की मागे सरकून त्याने मान काढली, तर साधा पट्टा अलगद बाहेर! म्हणून त्याला रुंद, मऊ आणि ओढल्यावर थोडा आवळणारा पट्टा लागतो. साखळीने दिवसभर बांधून ठेवणं तर नकोच. याची कातडी पातळ असते, काटेरी तारेने किंवा बाभळीच्या काट्यानेही फाटते. फिरून आल्यावर रोज अंगावरून हात फिरवून पाहायचं: जखम आहे का, कानात-बोटांत गोचीड आहे का. केस आखूड असल्यामुळे हे काम पाच मिनिटांचं. अंघोळ महिन्यातून एकदा पुरते.

अंगावर चरबी नाही, म्हणून थंडी त्याला आपल्यासारखीच वाजते. डिसेंबर-जानेवारीत गोणपाटाचा किंवा जुन्या स्वेटरचा अंगरखा शिवून द्या. झोपायला नुसती फरशी नको, कोपरांना घट्टे पडतात. जुनी गोधडी घडी करून टाका. उन्हाळ्यात दुपारी बाहेर काढायचं नाही. डांबरी रस्त्यावर तुमचा तळहात टेकवून पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्याच्या पंजांनाही तो भाजतो.

खाण्याच्या बाबतीत हा फारसा नखरे करत नाही. खेड्यात त्याला ज्वारीची किंवा मक्याची भाकरी आणि दूध घालतात. पण नुसत्या भाकरीवर पळणाऱ्या कुत्र्याचं भागत नाही, अंडी, मांस किंवा डाळ हवीच. मोठ्या कुत्र्यांपैकी काहींना दूध पचत नाही, जुलाब झाले तर बंद करा, दही-ताक द्या. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा ही कुत्र्याला विषासारखी. वाढदिवसाच्या दिवशी "एकच तुकडा" म्हणून चॉकलेट केक देऊ नका! शिजवलेली हाडंही नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होऊन आतड्यात रुततात. जेवण झाल्यावर तासभर पळवायचं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोटाला पीळ पडू शकतो, आणि त्यात काही तासांत जीव जातो.

लसींची वही मात्र तुमच्या प्रगतिपुस्तकाइतकी जपा. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं, की डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांची पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तशा पुढच्या. तीन महिन्यांचं झालं, की रेबीजची, आणि पुढे दरवर्षी. रेबीज एकदा झाला, की त्यावर औषध नाही, कुत्र्यालाही नाही आणि माणसालाही. म्हणून कुठलाही कुत्रा चावला किंवा त्याच्या दातांनी ओरखडा आला, तर मार बसेल म्हणून लपवायचं नाही हं! जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. सरकारी दवाखान्यातही ही लस मिळते.

जनावरांच्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट आठवणीने सांगा: "हा कारवान आहे." शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल, तर अशा चरबी नसलेल्या कुत्र्यांच्या अंगात काही औषधांचा अंमल फार वेळ टिकतो. डॉक्टर मग योग्य औषध निवडतात. शहरात राहत असाल, तर कुत्र्याचा परवाना महापालिकेकडून काढावा लागतो, तेही विसरू नका.

आता थोडं गणित. कारवान साधारण बारा वर्षं जगतो. तुम्ही सहावीत असताना पिल्लू आणलंत, तर तो म्हातारा होईल तेव्हा तुम्ही कॉलेज संपवून नोकरी शोधत असाल. मध्ये दहावी येईल, कदाचित वसतिगृह येईल. त्या दिवसांत सकाळी सहाला त्याला फिरायला कोण नेणार? हे नाव आजच कागदावर लिहा. नुसतं 'आई' असं लिहू नका, आधी आईला विचारा! घरात सगळ्यांना बसवून हा कागद वाचून दाखवा. जागा नसेल, वेळ नसेल, तर तसं मोकळेपणाने ठरवा. गावाकडे काका-मामांच्या शेतावर कारवान असेल, तर सुट्टीत त्याच्याशी दोस्ती करा. रस्त्यावरचं गावठी पिल्लू हाही पुष्कळांसाठी जास्त चांगला जोडीदार ठरतो. तो काटक असतो, हुशार असतो, आणि त्याला रोज मैदान लागत नाही.

आणि ठरलंच कारवान आणायचं, तर पिल्लाची आई पाहिल्याशिवाय आणू नका. आई अंगावर धावून येते की घाबरून लपते की शांत उभी राहते, ते बघा. पुष्कळदा तोच स्वभाव पिल्लांत उतरतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. 'अस्सल' म्हणून कुणी लहानशा पिंजऱ्यात कोंबलेली पिल्लं दाखवली, तर तिथून परत फिरा. येताना आईच्या अंगाखालचं एखादं फडकं मागून घ्या.

पहिल्या रात्री पिल्लू रडणार. त्याला कधीच एकटं झोपायची सवय नसते. अंगणात किंवा गच्चीवर ठेवू नका, तुमच्या खाटेजवळ टोपलीत ते फडकं घालून निजवा. रडायला लागलं, की नुसता हात खाली सोडा. ते नाक लावून वास घेईल आणि झोपेल. सकाळी मात्र तुमच्या आधी उठेल. डोळे उघडल्याबरोबर त्याला उचलून बाहेर न्या, नाहीतर फरशी तुम्हालाच पुसावी लागेल!